जुन्या इंजिनाचा ताप

मोटार घाटात तापली, बॉनेटखालून वाफ निघाली आणि गाडी ओढत मिस्त्रीच्या दारी आणली गेली, की आपल्याकडील असंख्य गॅरेजांत पहिला हुकूम सुटतो तो थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा. आणि हा हुकूम देणारा मनुष्य बहुधा अनुभवी, प्रामाणिक व अन्य सर्व बाबतींत विश्वासार्ह असल्यामुळे मालकही त्यास निमूटपणे मान्यता देतो. ही वस्तू विलायतेतल्या थंडीसाठी केलेली, आपल्या हवेत तिचे काय काम, अशी या प्रथेमागची समजूत आहे. ती मुळातच चुकीची आहे, आणि जुन्या गाड्या मायेने सांभाळणाऱ्या मंडळींचे या एका समजुतीने जितके नुकसान केले आहे तितके दुसऱ्या कशाने क्वचितच केले असेल.

उदाहरणादाखल आपल्या पूर्ण परिचयाची गाडी घेऊ. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून फियाट अकराशे आणि तिचीच पुढील आवृत्ती असलेली पद्मिनी बाहेर पडली, आणि 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी निवृत्त होईपर्यंत कित्येक पिढ्यांनी तिच्यातून प्रवास केला. तिचे इंजिन 1089 घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे. ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे. ज्वलनाच्या ऐन क्षणी सिलिंडरातील वायूचे तापमान 2000 अंशांच्या वर जाते, आणि ॲल्युमिनियम तर 660 अंशांवरच वितळते. असे असूनही ते हेड पन्नास पन्नास वर्षे शाबूत राहते, याचे सारे श्रेय त्याच्या पोटातून अखंड खेळणाऱ्या पाण्यास आहे. परंतु पेट्रोलातील उष्णतेचा जो मोठा हिस्सा हे पाणी वाहून नेते तो सर्वच्या सर्व बाहेर टाकणे हे त्याचे कर्तव्य नव्हे. इंजिन थंड ठेवायचे नसते. ते योग्य उष्णतेवर स्थिर ठेवायचे असते, आणि या स्थैर्याचा बंदोबस्त थर्मोस्टॅटकडे सोपविलेला असतो.

त्याची रचना साधी आहे. पितळेच्या छोट्या बंद डबीत मेण भरलेले असते. ते ठराविक तापमानास वितळू लागले म्हणजे प्रसरण पावते, दांडीला रेटते, आणि स्प्रिंगच्या विरोधात झडप उघडून रेडिएटरकडे जाणारी वाट मोकळी होते. पाणी निवले की मेण आकसते व स्प्रिंग झडप पुन्हा मिटवते. मेणाची ही युक्ती सर्जियस व्हर्ने यांनी 1934 साली शोधून काढली. तत्पूर्वी लवकर उडून जाणाऱ्या द्रवाने भरलेला, भात्यासारखा घडीदार नळा वापरीत, पण पाण्याचा दाब वाढला की त्याच्या कामात अंतर पडत असे. जुन्या पेट्रोल इंजिनांत ही झडप साधारणतः 80 ते 88 अंशांच्या दरम्यान उघडू लागते आणि त्यापुढे दहा-पंधरा अंशांत पूर्ण खुली होते. ती मिटलेली असताना पाणी बायपासच्या मार्गाने ब्लॉकमध्येच फिरत राहते, म्हणून सकाळी सुरू केलेले इंजिन काही मिनिटांत कामाच्या तापमानास येते.

आता ही झडप काढून फेकली म्हणजे काय होते? सखल रस्त्यावर, विशेषतः हिवाळ्यात आणि पावसात, इंजिन कधीच पुरेसे तापत नाही. पेट्रोलची नीट वाफ होत नाही. त्याचे थेंब सिलिंडरच्या भिंतीवरील ऑइल धुऊन काढीत खाली उतरतात व ऑइल पातळ करतात. ज्वलनातून निर्माण झालेली पाण्याची वाफ क्रँककेसमध्ये निवून पाणी बनते, त्यात आम्ले मिसळतात, आणि ऑइलच्या झाकणाखाली पिवळसर लोण्यासारखा साका दिसू लागतो. गाडी पेट्रोल अधिक पिते, रिंगा लवकर झिजतात, आणि हे सर्व इतक्या सावकाश घडते की त्याचा दोष त्या फेकून दिलेल्या झडपेकडे कोणी लावीतच नाही. याहून विलक्षण गोष्ट अशी की, ज्या इंजिनांत थर्मोस्टॅटची खालची चकती उघडताना बायपासचे तोंड बंद करते, त्यांत तो काढल्यावर बायपास सदैव उघडा राहतो, गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात शिरतो, आणि ज्या तापावर इलाज म्हणून झडप काढली तोच ताप घाटात बळावतो.

मग खरा कसूर कोणाचा, हे ठरवायचे कसे? कोणतेही हत्यार हाती घेण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: गाडी केव्हा तापते? शीव किंवा दादरच्या गर्दीत उभी असताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर दोष हवेचा आहे. फॅन बेल्ट सैल झाला असेल (बोटाने मध्यभागी दाबल्यास तो सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरहून अधिक दबू नये), किंवा रेडिएटरच्या जाळीत वर्षानुवर्षांची धूळ आणि किडे बसले असतील. उलट, गर्दीत ठीक राहून जी खोपोली सोडून बोरघाट चढू लागताच तापते, तिचा दोष पाण्याच्या प्रवाहात शोधावा: क्षारांनी बुजलेल्या रेडिएटरच्या नळ्या, गंजून पाती झिजलेली वॉटर बॉडी म्हणजे पाण्याचा पंप, पूर्ण न उघडणारा थर्मोस्टॅट, किंवा वेगात इंजिन फिरताना शोषणाने चपटा होणारा खालचा होज पाइप. हा शेवटचा दोष इंजिन बंद किंवा संथ असताना कधीच दिसत नाही. बॉनेट उघडून एकाने ॲक्सिलरेटर दाबावा आणि दुसऱ्याने त्या पाइपाकडे पाहावे, तेव्हाच तो पकडला जातो. इग्निशनचे टायमिंग मागे पडले असले किंवा ब्रेक चिकटत असले तरीही इंजिन तापते, ही गोष्ट पाण्याच्या मागे लागलेल्या मंडळींच्या ध्यानात राहत नाही.

तापमानाच्या काट्यावरही आंधळा विश्वास ठेवू नये. पाणी इतके कमी झाले की तापमान मोजणारा सेन्सर उघडा पडला, तर काटा खाली येतो आणि चालकास वाटते गाडी निवली. वस्तुतः तो इंजिनाच्या विनाशाचा प्रारंभ असतो. चढावर काटा अकस्मात खाली आला तर आनंद मानू नये, गाडी थांबवावी.

थर्मोस्टॅटची परीक्षा घरच्या स्वयंपाकघरात होते, आणि ती प्रत्येक मालकाने स्वतः करून पाहावी असा माझा आग्रह आहे. झडपेच्या कडेवर तिचे अंश कोरलेले असतात, ते प्रथम वाचून घ्यावेत. पातेल्यात पाणी घेऊन, थर्मोस्टॅट दोऱ्याने असा टांगावा की तो बुडाला टेकणार नाही. शेजारी तापमापक सोडावा व मंद आचेवर पाणी ढवळीत राहावे. कोरलेल्या अंशाच्या आसपास झडपेच्या कडेशी केसाएवढी फट दिसू लागते, मग ती हळूहळू रुंदावत जाते, आणि पाणी उकळीला येईपर्यंत झडप चांगली सात-आठ मिलिमीटर उचललेली असते. गॅस बंद करून पाणी निवू द्यावे; झडप पूर्ण मिटली पाहिजे. अर्धवट उघडणारी, उघडी राहणारी किंवा मिटलेलीच राहणारी झडप दुरुस्त होत नाही, ती बदलावी. नवी बसविताना मेणाची डबी इंजिनाच्या बाजूस, आणि चकतीवर हवा जाण्यासाठी बारीक छिद्र असेल तर ते वर, ही दक्षता घ्यावी. नाहीतर तिच्याखाली हवेचा बुडबुडा अडकतो आणि चांगली झडपही वेळेवर उघडत नाही.

रेडिएटरच्या झाकणाकडे सर्वांत कमी लक्ष जाते. ते प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखे काम करते: दर चौरस सेंटिमीटरला एक किलोग्रॅम दाब धरला तर पाण्याचा उत्कलनबिंदू 100 वरून सुमारे 120 अंशांवर जातो. झाकणाचे रबर कडक झाले, स्प्रिंग मेली, की हा लाभ संपतो, आणि उंचावर त्याची उणीव अधिकच जाणवते. महाबळेश्वरी उघड्या भांड्यातील पाणी सुमारे 95 अंशांवरच उकळते. झाकण बदलताना जुन्यावर कोरलेला दाबाचा आकडा पाहावा. अधिक दाबाचे झाकण अधिक चांगले हा समज जुन्या रेडिएटरचे झाळण उसवतो.

पाण्याविषयी मात्र विस्ताराने बोलणे प्राप्त आहे, कारण बहुतेक दुखण्यांचे मूळ तेथेच आहे. विहिरीचे व बोअरचे पाणी क्षारयुक्त असते; ते तापले की क्षार ब्लॉकच्या आतील भिंतींवर बसतात, आणि त्यांचा पातळ थरही धातूची उष्णता पाण्यापर्यंत पोहोचू देत नाही. शिवाय बिडाचा ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचे हेड एकाच पाण्यात भिजत असल्यामुळे त्यांच्यामध्ये सूक्ष्म विद्युत्प्रवाह सुरू होऊन ॲल्युमिनियम पोखरले जाते. कूलंट आपल्याकडे गोठण्यापासून बचावासाठी नव्हे, तर या गंजापासून बचावासाठी घालावयाचे असते. इथिलीन ग्लायकॉल आणि डिस्टिल्ड पाणी यांचे निम्मेनिम मिश्रण उत्तम. निव्वळ कूलंट भरू नये, कारण उष्णता वाहण्याची त्याची शक्ती पाण्याहून कमी आहे. गंजरोधक द्रव्ये कालांतराने संपतात, म्हणून जुन्या पद्धतीचे हिरवे कूलंट दोन वर्षांनी बदलावे, आणि निरनिराळ्या जातींची कूलंटे एकत्र करू नयेत. भरताना झाकण उघडे ठेवून, इंजिन संथ चालवून, थर्मोस्टॅट उघडल्यावर जी पातळी खाली जाते ती पुन्हा भरून काढावी.

पाणी कुठेही गळत नसताना कमी होते, सुरू इंजिनात रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येतात, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर निघतो, ही लक्षणे एकत्र दिसली तर हेड गॅस्केट उडालेले आहे. तेव्हा थर्मोस्टॅट, कूलंट, रेडिएटर यांवर खर्च करणे व्यर्थ. हेड उतरवून ते वाकले आहे का हे सरळ पट्टीने तपासलेच पाहिजे.

घाटात गाडी तापलीच तर बाजूला घ्यावी. पाणी असेल आणि पंखा फिरत असेल तर बॉनेट उघडून थोडा वेळ संथ चालू द्यावी, म्हणजे पाणी फिरत राहते. पाणी वाहून गेले असेल तर तत्क्षणी बंद करावी. झाकणास अर्धा तास हात लावू नये. तापल्या ब्लॉकवर वा ब्लॉकात गार पाणी ओतू नये. त्याने बीड तडकते, आणि असे तडकलेले ब्लॉक भंगाराच्या दुकानांत पाहायला मिळतात.

शेवटी एक विनंती. बदललेले जुने कूलंट अंगणात, गटारात किंवा उघड्या डब्यात टाकू नका. ते चवीला गोड असते. कुत्री-मांजरे ते चाटतात, लहान मुलेही पितात, आणि त्याचे थोडेसे प्रमाणही मूत्रपिंडे निकामी करून प्राण घेते. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर "विष" असे लिहून, ते जुने ऑइल विल्हेवाटीसाठी स्वीकारणाऱ्या गॅरेजकडेच सोपवा.