काँक्रीटच्या पोटात काय लपतं?

रहस्यकथा वाचणाऱ्यांना एक प्रसंग तोंडपाठ असतो. खुनी रात्री बांधकामावर येतो, ओल्या काँक्रीटमध्ये प्रेत लोटतो, वर इमारत चढते आणि पुरावा कायमचा नाहीसा होतो. मीरा-भाईंदरसारख्या, मिठागरांच्या काठाने टॉवर उठलेल्या शहरात ही गोष्ट सहज खरी वाटेल. पण मंडळी, एखाद्या जाणत्या गवंड्याला विचारून पाहा. तो हसेल.

घराचा स्लॅब जाडीला पाच-सहा इंच. त्यात माणूस मावायचा कुठं? कॉलममध्ये सळ्यांचा पिंजरा, त्याला वीतभराच्या आत एकेक रिंग. तिथं मांजरही शिरणार नाही. राहिला पाया. पण तिथं वजन आडवं येतं. एक घनमीटर काँक्रीट भरतं सुमारे २४०० किलो, तेवढंच पाणी १००० किलो. माणसाचं शरीर साधारण पाण्याइतकंच. म्हणजे पातळ काँक्रीटमध्ये प्रेत बुडत नाही, वर येऊ पाहतं. व्हायब्रेटर फिरला की आणखीच. गुरुजींनी हे तरंगण्याच्या धड्यात जरूर सांगावं, मात्र उदाहरण लाकडी ठोकळ्याचं घ्यावं!

बरं, समजा दडपलंच. काँक्रीट शरीर खाऊन टाकतं, ही लेखकमंडळींची आवडती समजूत. घडतं उलटंच. हवा नाही, माश्या-किडे नाहीत, म्हणून कुजणं मंदावतं. शिवाय काँक्रीट अंगाभोवती घट्ट बसतं आणि त्याचा साचाच तयार होतो. कापडाची वीणसुद्धा त्यात उमटू शकते. पुरावा पुसायला गेलेला माणूस तो जपून ठेवतो, म्हणा ना. मार्च २०२५ मध्ये मेरठला ड्रममध्ये सिमेंट ओतून लपवलेलं प्रेत पंधरवड्यात उघडकीला आलं.

निशिकांत कामत यांच्या २०१५ च्या ‘दृश्यम’ चित्रपटात युक्ती जरा वेगळी आहे. (पाहिला नसेल त्यांनी क्षमा करावी.) गोव्यात पोलीस ठाण्याचं बांधकाम चाललेलं असतं, प्रेत जमिनीत पुरलं जातं, फरशी नंतर वर येते. बांधकामाच्या हिशेबानं हे पटण्यासारखं आहे. पण राहत्या घरातली फरशी बोलते. जुलै २०२५ मध्ये नालासोपाऱ्यात, म्हणजे मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाच्याच हद्दीत, बेपत्ता भावाला शोधत भाऊ त्याच्या घरी आले. काही लाद्यांचा रंग त्यांना वेगळा दिसला. त्यांनी लाद्या उचलल्या आणि खालून दुर्गंधी आली. भाऊ तिथंच पुरलेला होता.