चाळणी नसलेली गाळणी

व्हॅक्यूम क्लीनर धूळ ओढतो असे म्हटले जात असले, तरी वस्तुतः तो हवा ओढतो: मोटरीवरील पंख्यामुळे यंत्रातील हवेचा दाब कमी होतो, बाहेरची हवा त्या दिशेने वेगाने धावते आणि वाटेतील धूळ तिच्याबरोबर वाहत येते. ही सर्व हवा पुन्हा त्याच खोलीत सोडावी लागत असल्यामुळे, हवेला वाट देऊन कण अडवणारा थर, म्हणजेच फिल्टर, हाच या यंत्राचा खरा गाभा होय. अमेरिकेतील ओहायो राज्याच्या जेम्स मरे स्पँगलर यांना 1908 मध्ये ज्या हलक्या यंत्राचे पेटंट मिळाले, त्याच्या आरंभीच्या नमुन्यात या कामासाठी उशीचा अभ्रा वापरलेला होता. जाड कचरा अशा कापडात राहतो. परंतु फुप्फुसांत खोलवर पोहोचणारी सूक्ष्म धूळ विणीतून निसटते आणि जमिनीवर शांत पडलेली असते ती श्वासाच्या उंचीवर तरंगू लागते.

ही उणीव ‘हेपा’ या नावाने ओळखला जाणारा फिल्टर भरून काढतो. काचेच्या किंवा कृत्रिम धाग्यांच्या अतिशय बारीक तंतूंचा, घड्या घालून बसवलेला हा थर पिठाच्या चाळणीसारखा काम करत असावा, असा सर्वसाधारण समज आहे व तो चुकीचा आहे, कारण तंतूंमधील फटी अडवल्या जाणाऱ्या अनेक कणांहून मोठ्या असतात. हवा तंतूला वळसा घालून जाते, पण जड कणांना जडत्वामुळे तितक्या चटकन वळता येत नाही व ते तंतूवर आदळतात. मध्यम कण हवेबरोबर वळतात, तरी कडेने जाताना तंतूला स्पर्श होताच चिकटतात. अतिसूक्ष्म कण मात्र हवेच्या रेणूंचे धक्के खात सैरावैरा हलतात, या हालचालीला ब्राउनीय गती म्हणतात, आणि तिच्यामुळेच ते कुठल्या ना कुठल्या तंतूवर जाऊन अडकतात. म्हणून सर्वांत लहान कण पकडणे सर्वांत कठीण, हा तर्क येथे लागू पडत नाही. निसटण्याची शक्यता अधिक असते ती सुमारे 0.3 मायक्रॉनच्या कणांची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि अमेरिकी मानकानुसार हेपा फिल्टरने याच आकाराचे किमान 99.97 टक्के कण अडवले पाहिजेत.

तथापि, उत्तम फिल्टर बसवूनही यंत्राचे सांधे सैल असतील, तर हवा सोपी वाट शोधते आणि फिल्टरला बगल देऊन धुळीसकट बाहेर पडते. खरेदीच्या वेळी याकडे सहसा लक्ष दिले जात नाही, हे खेदजनक आहे. वायू व दुर्गंधी हेपा अडवत नाही; त्यासाठी सक्रियित कोळशाचा वेगळा थर लागतो. धुळीने भरलेल्या फिल्टरमधून हवेचा प्रवाह मंदावतो, ओढ कमी होते आणि मोटर तापते. म्हणून फिल्टर वेळेवर बदलावा, उत्पादकाने धुण्यायोग्य म्हटले असेल तरच धुवावा आणि पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नये, कारण ओलसर थरावर बुरशी वाढते.