गावाला ठाऊक असतं

कल्याण-निर्मल महामार्ग माजलगावातून पाथरीकडं निघतो, मध्ये गोदावरी ओलांडतो आणि तास-सव्वा तासात मानवतला पोचतो. या रस्त्यानं कापूस जातो, लग्नाची वऱ्हाडं जातात. त्यामुळं ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मानवत मर्डर्स’ ही आठ भागांची मालिका सोनी लिव्हवर आली, तेव्हा आमच्या घरात तरी ती परक्या गावची गोष्ट म्हणून पाहिली गेली नाही. आत्यानं पहिला भाग निम्मा पाहिला आणि म्हणाली, “त्या साली आम्हाला दिवस मावळायच्या आत घरात घ्यायचे. परसाकडंसुद्धा चौघी मिळून जायचो.” ती तेव्हा नऊ-दहा वर्षांची होती. मानवत तिनं पाहिलेलं नव्हतं, पण भीती नदी ओलांडून अलीकडं आली होती.

१९७२ च्या नोव्हेंबरपासून १९७४ च्या जानेवारीपर्यंत मानवत परिसरात लहान मुली आणि बायकांचे एकामागून एक खून झाले. गुप्तधनाच्या हव्यासातून दिलेले हे नरबळी होते, असा खटला पुढं उभा राहिला. तपासाला मुंबईहून रमाकांत कुलकर्णी आले. १९६८ मध्ये मुंबईतल्या रामन राघव या खुन्याच्या तपासाची सूत्रं सांभाळलेले तेच अधिकारी. त्यांच्या आठवणींच्या पुस्तकावरून आशिष बेंडे यांनी ही मालिका केली आणि कुलकर्णींची भूमिका आशुतोष गोवारीकर यांनी केली.

प्रश्न असा की, छोट्या गावातलं रहस्य आपल्याला इतकं का धरून ठेवतं? मराठी रहस्यकथा तशी शहरात वाढली. हजारावर पुस्तकं लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार मुंबईत वावरतो, वेषांतर करतो, गर्दीत दिसेनासा होतो. मुंबईत ते खपतं, कारण तिथं शेजारच्याचं नावही माहीत नसतं. माजलगावच्या स्टँडवर उतरून कुणी वेषांतर करून दाखवावं! चहाचा पहिला घोट घशाखाली जायच्या आत “पाव्हणं कुण्या गावचं? कुणाकडं आलात?” असं कुणीतरी विचारणार, आणि तिसऱ्या प्रश्नाला तुमच्या मामाच्या साडूपर्यंत पोचणार. कुणाच्या दारात कुणाची मोटरसायकल किती वेळ उभी होती, हे जिथं सगळ्यांना ठाऊक असतं, तिथं खून लपतो कसा? शहरातल्या कथेत आपण विचारतो, हा माणूस कोण? गावातल्या कथेत विचारतो, हा तर आपलाच माणूस, मग आपल्याला कळलं कसं नाही?

अगाथा ख्रिस्तीनं हे फार आधी ओळखलं होतं. १९३० मध्ये तिनं मिस मार्पल या म्हातारीला पहिल्यांदा कादंबरीत आणलं. खेड्यात राहणारी ही बाई प्रत्येक संशयितात आपल्या गावातलं कुणीतरी पाहते आणि त्या ओळखीवरून गुन्ह्याचा माग काढते. आपल्याकडं ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेनं कोकणातला एक वाडा घराघरांत नेला, ‘देवमाणूस’नं गावाचा डॉक्टर. दोन्हीकडं भीती ओळखीच्या उंबऱ्याआतूनच येते.

पण मला यापुढचं एक जास्त महत्त्वाचं वाटतं. गावात पुष्कळदा माहिती असतेच. ती बोलायला जागा नसते. १९७२ चा दुष्काळ आठवा. मिलोची लाल ज्वारी, सुकडी, दुष्काळी कामावर दिवसभर खडी फोडणं. घरची मोठी माणसं कामावर, पोरीबाळी पाण्याला आणि जळणाला रानोमाळ. अशा साली ज्याच्या शेतात उद्या खुरपायला जायचं, ज्याच्या विहिरीवर घागर भरायची, त्याच्याविरुद्ध पंचनाम्यावर अंगठा कोण उठवणार? रहस्य तिथं तयार होतं. चांगला लेखक हा अंगठा दाखवतो. कच्चा लेखक मुंजा, पिंपळ आणि अमावास्या दाखवून मोकळा होतो.

आणखी एक चूक याच कथांमधून होते. संशयाचं बोट वेशीबाहेरच्या पालाकडं वळवणं सोपं असतं. ब्रिटिश कायद्यानं जन्मानंच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींवरचा तो शिक्का १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला. कथा-मालिकांनी तो पुन्हा गिरवू नये, असं मला कळकळीनं वाटतं.

मानवतचा खटला १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. निकाल न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिला. रहस्यकथेची आवड असणाऱ्यानं तो जरूर वाचावा, कारण त्यात बराच ऊहापोह माफीच्या साक्षीदाराचा आहे. माफीचा साक्षीदार म्हणजे गुन्ह्यात स्वतः सामील असलेलाच माणूस. त्याच्या शब्दाला दुसऱ्या स्वतंत्र पुराव्याचा टेकू हवा, त्यानं ज्याचं नाव घेतलं त्या प्रत्येकापुरता वेगळा हवा. कटामागं असल्याचा ज्यांच्यावर आरोप होता, ते वरच्या न्यायालयात सुटले. गावाचं ‘ठाऊक आहे’ आणि न्यायालयाचं ‘सिद्ध झालं’ यांत केवढं अंतर आहे, ते इथं दिसतं. हे अंतर असायलाच हवं, नाहीतर ज्याच्यावर गावाचा राग, तो फासावर जाईल. पण ते पार करायला कुणीतरी वेळेवर तोंड उघडावं लागतं, आणि त्यासाठी त्या माणसाच्या पोटाची दोरी दुसऱ्याच्या हातात असून चालत नाही. नरबळी आणि जादूटोण्याविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात २०१३ मध्ये आला, त्या घटनांनंतर चाळीस वर्षांनी, आणि तोही डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाल्यावर.

आत्यानं पुढचे भाग पाहिले नाहीत. मोबाइल परत देताना तिनं माझ्याकडून एक नंबर लावून घेतला. परसाकडं जाणाऱ्या त्या चौघींपैकी एक, गंगामसल्याला दिलेली. घरात आम्ही दोघंच होतो, तरी ती फोन घेऊन ओसरीवर गेली आणि बराच वेळ दबक्या आवाजात बोलत राहिली.