गोळीला उपवास नको!

वस्तीत काम करताना फिट येणाऱ्या मुली-बायका भेटतात. गोळ्या चालू आहेत ना, असं विचारलं की उत्तर येतं, "अहो ताई, सहा महिन्यांत आकडी आलीच नाही, मग कशाला घ्यायच्या?" कुणी चतुर्थीला गोळी टाळते, कुणी सासरी कळू नये म्हणून माहेरीच ठेवून येते.

मैत्रिणींनो, ही काही डोकेदुखीची गोळी नव्हे, दुखलं की घेतली! फेनिटॉईनचंच बघा. १९३८ पासून फिटवर वापरलं जाणारं हे औषध आतड्यातून हळूहळू रक्तात उतरतं आणि सरासरी २२ तासांत निम्मं सरतं. रोज वेळेवर घेतलं तर सात ते दहा दिवसांनी रक्तातली पातळी स्थिरावते. माठात रोज पाणी भरावं तसंच हे. खाडा झाला की पातळी उतरते आणि आकडीला वाट मिळते.

बरं, काल चुकली म्हणून आज मनानेच दोन घेऊ नका. हे औषध पचवून टाकायची यकृताची ताकद मर्यादित असते. डोस थोडा वाढला तरी पातळी एकदम चढते, मग तोल जातो, एकाचे दोन दिसतात. गरोदरपणातही डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नये.

फिट येणं हे लग्न रद्द ठरवण्याचं कारण १९९९ मध्येच हिंदू विवाह कायद्यातून काढून टाकलंय. मग लपवायचं कशाला? सासूबाई, देवापुढे दिवा लावताना सुनेला विचारा, "गोळी घेतलीस ना गं?"