एका पिनेवर सारे ओझे

हिमायतनगरात राहणाऱ्या आपल्या वाचकांपैकी काहींचे घर शहरात, पण शेत गावाकडे आहे. कोणाचे जहिराबादच्या बाजूला, कोणाचे बिदर-उदगीरकडे, तर कोणाचे थेट नांदेड किंवा अहिल्यानगरकडे. सुगीला किंवा सुट्टीला ही मंडळी गावी जातात. घरचा ट्रॅक्टर असतो, घरचीच ट्रॉली असते. थोरला भाऊ ट्रॅक्टर मागे घेतो आणि हाक मारतो, "अरे, जरा दांडा धर रे!" शहरातून आलेला धाकटा भाऊ उत्साहाने पुढे होतो आणि ट्रॅक्टर व ट्रॉली यांच्या मधे जाऊन उभा राहतो.

वाचकहो, शेतातली हीच जागा सर्वांत धोक्याची आहे. विंचू-सापाला आपण भितो; पण ट्रॅक्टरचे मागचे चाक आणि ट्रॉलीचा दांडा यांच्या मधल्या दोन हात जागेला भीत नाही. म्हणून आज ट्रॉलीच्या जोडणीविषयी चार गोष्टी समजून घेऊ.

पाचवे चाक म्हणजे काय?

हैदराबाद-सोलापूर रस्त्यावर लांबलचक कंटेनर ओढणाऱ्या गाड्या आपण रोज पाहतो. पुढचे डोके वेगळे, मागचा डबा वेगळा. या दोहोंना जोडणाऱ्या लोखंडी तबकडीला 'फिफ्थ व्हील', म्हणजे पाचवे चाक, म्हणतात. हे नाव घोडागाडीच्या काळातले. चारचाकी घोडागाडीचा पुढचा आस वळावा म्हणून त्याच्यावर एक आडवे गोल कडे बसवीत. जमिनीवर चार चाके आणि हे आडवे पाचवे, म्हणून तसे नाव पडले.

पुढे मोटारी आल्या. १९१४ साली अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात ऑगस्ट फ्रुहॉफ या गाड्या बनविणाऱ्या लोहाराने एका लाकूड व्यापाऱ्याची होडी मोटारीमागून नेण्यासाठी जोडगाडी तयार केली. तिच्यातूनच पुढे ट्रेलरचा मोठा धंदा उभा राहिला. आजच्या कंटेनरच्या पोटाखाली एक जाड पिन असते. ती साधारण दोन इंच जाडीची असते. तबकडीच्या जबड्यात ती अडकते आणि सगळा डबा तेवढ्या एका पिनेने ओढला जातो.

आपल्याकडे हे पाचवे चाक नाही असे समजू नका. आपल्या चारचाकी ट्रॉलीच्या पुढच्या आसावर जे 'टर्नटेबल' असते, ते त्याच जुन्या कड्याचे भावंड. दोनचाकी ट्रॉलीचे काही ओझे थेट ट्रॅक्टरच्या हुकावर येते. कंटेनरचे येते अगदी तसेच. म्हणून कंटेनरचे ड्रायव्हर जी काळजी घेतात तीच आपणही घ्यावी.

हुक बसविताना

पहिली गोष्ट उंचीची. ट्रॉली नेहमी कंपनीने दिलेल्या हुकालाच जोडावी, आणि ओढ मागच्या आसाच्या खालूनच पडावी. पुष्कळ जण ओढाताणीच्या वेळी साखळी किंवा दोर वर, हायड्रोलिकच्या टॉप लिंकला, नाही तर थेट आसाला बांधतात. चिखलात रुतलेली ट्रॉली काढताना तर हे हमखास होते. ओढ वरून पडली की ट्रॅक्टरचे तोंड उचलते. मागची चाके रुतलेली, इंजिनचा जोर चालूच, मग ट्रॅक्टर मागच्या मागे उलटतो. यास सुमारे दीड सेकंद पुरतो. क्लच दाबायचे सुचेपर्यंत सारे संपलेले असते.

ही भीती जुनीच आहे. जुने फोर्डसन ट्रॅक्टर नांगर दगडाला अडला की असेच मागे उलटत. हॅरी फर्ग्युसन यांनी तीन ठिकाणी जोडणारी पद्धत काढली. नांगराची ओढ ट्रॅक्टरचे तोंड खाली दाबील, अशी तिची रचना होती. १९३९ साली ती फोर्डच्या ट्रॅक्टरवर आली आणि आज आपल्या गावातील प्रत्येक ट्रॅक्टरवर ती दिसते. मात्र ती पद्धत अवजारांसाठी आहे. ट्रॉलीसाठी खालचा हुकच योग्य.

दुसरी गोष्ट नटबोल्टची. हुकाचा ब्रॅकेट ज्या बोल्टांनी बसवितात, त्यांच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा असतो. तो बोल्टच्या ताकदीचा आकडा. जुना बोल्ट तुटला तर त्याच आकड्याचा आणावा. आकडा नसलेला स्वस्त बोल्ट दिसायला सारखाच असतो, पण ओझ्याखाली तो ताणला जातो. नवीन बोल्ट बसविल्यावर दोन-चार खेपांनंतर पुन्हा आवळावेत. पहिल्या दणक्यांनी ते ढिले होतात.

तिसरी गोष्ट पिनेची. पिन हरवली की आपण काय करतो? पडलेली सळई कापतो, नाही तर ट्रकचा जुना बोल्ट घालतो. सळई वाकते, आणि वाकलेली सळई एखाद्या खड्ड्यात निसटते. पिन भोकात बसेल तेवढ्याच जाडीची असावी. फार ढिली असली तर प्रत्येक गचक्याला ती हातोड्यासारखी आपटते आणि भोक लांबट करते. झिजलेल्या पिनेवर वेल्डिंगचा थर चढवू नये. तापून थंड झालेले कडक पोलाद ठिसूळ होते व न सांगता तुटते. नवी पिन थोड्या पैशांत मिळते. ते पैसे वाचवू नयेत.

चारचाकी ट्रॉली असेल तर महिन्यातून एकदा टर्नटेबलखाली वाकून पाहावे. ग्रीस भरावे, बोल्ट तपासावेत, आणि वेल्डिंगच्या कडेने गंजाची बारीक तांबडी रेघ दिसते का ते पाहावे. अशी रेघ म्हणजे तडा. ती रंगाने झाकू नये. ट्रॉली वर्कशॉपला न्यावी.

जोडण्याचा क्रम

ट्रॉली जोडताना घाई करू नये. पुढील क्रम घरातील प्रत्येकाने पाठ करावा:

१. ट्रॉलीच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळा लावावा.

२. दांडा माणसांनी उचलून धरू नये. स्टँड किंवा जॅकने तो हुकाच्या उंचीला आणावा. कित्येकांची कंबर या एका उचलण्याने कायमची गेली आहे.

३. ट्रॅक्टर सर्वांत कमी गिअरमध्ये मागे घ्यावा. मदतनीसाने बाजूला, ड्रायव्हरला दिसेल असे उभे राहून हाताने खुणा कराव्यात. मदतनीस दिसेनासा झाला की ड्रायव्हरने थांबावे.

४. ट्रॅक्टर न्यूट्रल करावा, हँडब्रेक ओढावा, इंजिन बंद करावे. त्यानंतरच माणसाने मधे जावे, आधी नाही. भोके जुळली की नाहीत हे बोट घालून पाहू नये, बोट जाते.

५. पिन वरून खाली घालावी. क्लिप तुटली तरी वरून घातलेली पिन आपल्या वजनाने राहते. खालून घातलेली गळून पडते. मग क्लिप लावावी. क्लिपऐवजी सुतळी किंवा तार नको.

६. जोडीला एक मजबूत साखळी दांड्यावरून ट्रॅक्टरला अडकवावी. वळताना ताणणार नाही इतकी ती सैल असावी, पण जमिनीला घासू नये. पिन गेलीच तर साखळी ट्रॉलीला धरून ठेवते.

७. शेवटी मदतनीस बाजूला झाल्यावर, चाकाखालचे दगड न काढता, ट्रॅक्टर हळूच वीतभर पुढे ओढून पाहावा. कंटेनरचे ड्रायव्हर रोज असेच करतात. जोडणी पक्की असेल तर लगेच कळते. मग खाली उतरून पुन्हा एकदा पिन पाहावी आणि दगड काढून घ्यावेत.

हे सारे करायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

ओझे भरताना

बैलगाडी हाकलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. ओझे मागे जास्त झाले की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचलते. ओझे पुढे जास्त झाले की बैलांच्या खांद्यावर भार येतो आणि ते धापा टाकतात. दोनचाकी ट्रॉलीचे गणित हेच. ओझे चाकांच्या किंचित पुढे असावे, म्हणजे दांडा हुकावर नीट दाबून बसतो. परदेशात मोटारीमागून ओढायच्या राहत्या घरगाड्यांना पाचवे चाक लावतात, तेव्हा एकूण वजनाच्या १५ ते २५ टक्के भार पिनेवर यावा असे सांगतात. त्यांचा आकडा आपल्या ट्रॉलीला जसाच्या तसा लागू नाही, तत्त्व मात्र एकच.

मागे जड झालेली ट्रॉली रस्त्यावर शेपटीसारखी डुलते आणि ट्रॅक्टरची मागची चाके उचलू पाहते. खाली करतानाही हे ध्यानात ठेवावे. पुढचा माल आधी काढला आणि मागचा तसाच ठेवला, तर दांडा एकाएकी वर उसळतो. भरलेली दोनचाकी ट्रॉली तर कधीच सोडवू नये.

रस्त्यावर

उसाच्या हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या आणि त्यांत पंधरा-वीस टन ऊस हे दृश्य नेहमीचे. ट्रॅक्टर स्वतः जेमतेम दोन-अडीच टनांचा. बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतात. म्हणजे सगळे ओझे त्या अडीच टनांनी थांबवायचे. वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागते, हे विसरू नये.

ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पॅडल असतात, डाव्या चाकाचे वेगळे आणि उजव्याचे वेगळे. शेतात वळायला ती सोयीची. पण रस्त्यावर येण्यापूर्वी ती खटक्याने एकत्र जोडलीच पाहिजेत. तसे न करता ब्रेक दाबला तर एकच चाक थांबते, ट्रॅक्टर आडवा होतो आणि मागची ट्रॉली त्याला ढकलीत नेते. उतार लागण्यापूर्वी खालचा गिअर टाकावा. डिझेल वाचविण्यासाठी उतारावर न्यूट्रल करणे म्हणजे ट्रॉलीच्या हाती जीव देणे.

ट्रॉलीच्या मागे तांबडे, बाजूंना पिवळे आणि पुढे पांढरे रिफ्लेक्टर लावावेत. रात्री बंद पडलेली ट्रॉली रस्त्यात उभी ठेवू नये. मोटारसायकलवरून घरी परतणाऱ्या तरुणाला अंधारात ती दिसत नाही.

ट्रॉली माणसांसाठी नाही

हे लिहिताना मन जड होते. २४ जून २०१८ रोजी हैदराबादपासून फार दूर नसलेल्या यादाद्री-भोंगीर जिल्ह्यात शेतमजुरांना घेऊन निघालेली ट्रॅक्टर-ट्रॉली कालव्यात पडली. पंधरा जण गेले, त्यांत बहुतेक स्त्रिया. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेडजवळ आलेगाव शिवारात मजूर स्त्रियांचा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत गेला आणि सात जणींचा अंत झाला. या दुर्घटना पिन तुटल्याने घडल्या असे नव्हे. पण ट्रॉलीला ना पट्टा, ना छप्पर, ना सुटकेची वाट. ती पडली की माणसे तिच्याखालीच सापडतात.

सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जाताना, लग्नाच्या वऱ्हाडाला किंवा खुरपणीला जाताना सगळ्यांना ट्रॉलीत बसविण्याचा मोह होतो. मालाच्या ट्रॉलीतून प्रवासी नेण्यास कायद्याची परवानगी नाही, आणि अपघात झाल्यास विम्याची भरपाई मिळणेही कठीण होते. बस किंवा जीप करावी. ते जमत नसेल तर दोन खेपा पायी झालेल्या बऱ्या. मुलांना मडगार्डवर किंवा दांड्यावर तर कधीच बसवू नये. दांड्यावरून घसरलेले मूल थेट ट्रॉलीच्या चाकाखाली जाते.

अपघात झालाच तर

प्रथम ट्रॅक्टरचे इंजिन बंद करावे आणि १०८ क्रमांकावर फोन करावा. माणूस दबला असेल तर चार जणांनी ट्रॉली हाताने उचलू नये. हात सुटला तर दुसरा घाव बसतो. जॅक लावावा, आणि ट्रॉली जसजशी उचलेल तसतसे खाली लाकडी ठोकळे सरकवावेत. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्याने जखम घट्ट दाबून धरावी. जखमेत हळद, माती किंवा डिझेल घालू नये.

बोट तुटले असेल तर तुटलेला भाग ओलसर स्वच्छ फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बर्फ थेट बोटाला लागू देऊ नये. वेळेत पोहोचल्यास पुष्कळदा डॉक्टर ते पुन्हा जोडू शकतात. गंजलेल्या लोखंडाची जखम लहान असली तरी धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावेच.

अनोळखी माणसाला मदत करताना पोलिसांच्या भीतीने मागे हटू नये. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात मदत करणाऱ्याला संरक्षण दिलेले आहे.

वाचकहो, ट्रॅक्टर घेताना आपण कर्ज काढतो आणि त्याला हार घालतो. पण ज्या एका पिनेवर सारे ओझे आहे, तिच्याकडे वाकून पाहायला आपल्याला वेळ नसतो. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा दोन वस्तू बरोबर न्या, एक नवी पिन आणि तिची क्लिप. आणि थोरल्या भावाने हाक मारली की त्याला प्रेमाने सांगा, "दादा, आधी इंजिन बंद कर. मग येतो."