घायपाताचा वाख : माती आणि हवा



देशावर प्रवास करतांना शेताच्या बांधावर किंवा रेल्वेच्या कडेनें घायपाताचीं कांटेरी बेटें आपण पाहिलीं असतील. त्यांना कोणी खत घालीत नाहीं, पाणी देत नाहीं. तरी तीं जगतात. त्यावरून असा समज झाला आहे कीं, जेथें दुसरें कांहीं उगवत नाहीं तेथें घायपात लावावें आणि वाख काढून पैसा मिळवावा. हा समज अर्धाच खरा आहे आणि त्यावर विसंबणाऱ्याचें नुकसान होतें.

प्रथम त्याच्या चिवटपणाचें कारण पाहूं. बहुतेक वनस्पति दिवसां पानांवरील सूक्ष्म रंध्रें उघडून हवेंतील कर्बवायु घेतात. त्याच वाटेनें त्यांच्या अंगचें पाणीहि उडून जातें. घायपात आपलीं रंध्रें मुख्यतः रात्रीं उघडतें. तेव्हां घेतलेला वायु तें आम्लरूपानें सांठवितें आणि दुसरे दिवशीं उन्हांत त्याचें अन्न बनवितें. त्यामुळें दुष्काळांत तें मरत नाहीं. पण त्या काळांत तें फारसें वाढतहि नाहीं.

आणि वाखाचा सारा हिशेब वाढीवरच आहे. सिसल या जातीचें झाड जन्मभरांत सुमारें २०० ते २५० पानें देतें. मग उंच दांडा टाकून फुलतें आणि मरतें. उबदार, पुरेशा पावसाच्या प्रदेशांत हें सात-आठ वर्षांत होतें. थंड किंवा फार कोरड्या जागीं त्यास बारा वर्षेंहि लागतात. पानाच्या वजनांत वाख शेंकडा चारच्या आसपास. पान आंखूड निघालें कीं मजुरी तीच पडते आणि पदरांत वाख मात्र थोडा येतो.

या पिकास भरपूर ऊन आणि वर्षाला सुमारें ४० ते ५० इंच पाऊस मानवतो. पाणी गोठविणारी थंडी सोसत नाहीं. मुळें उथळ असून त्यांना हवा लागते. म्हणून चिबड जमिनींत तीं कुजतात. निचऱ्याची, चुना असलेली जमीन उत्तम. ज्या सिसल बंदरावरून या जातीस नांव मिळालें, तें मेक्सिकोच्या युकातान प्रांतांत आहे. तेथें चुनखडीच्या खडकावर मातीचा पातळ थर असून पावसाचें पाणी भेगांतून खालीं उतरतें.

पूर्व आफ्रिकेंत हें पीक १८९३ सालीं रिचर्ड हिंडोर्फ या जर्मन कृषितज्ज्ञानें नेलें. फ्लोरिडाहून मागविलेल्या हजार रोपांपैकीं अवघीं ६२ जगलीं. परंतु हवा मानवल्यामुळें त्यांतूनच टांगा बंदराच्या आसपास मोठमोठे मळे उभे राहिले. पुढें तेथेंच दुसरा धडा मिळाला. वाख काढल्यावर पानाचा उरलेला चोथा टाकून दिला जाई. त्याबरोबर जमिनींतला चुना व पोटॅशहि जाई. त्याच शेतांत पुन्हां पुन्हां लागवड केली तेव्हां माती आम्ल होऊन उत्पन्न घटूं लागलें. पोटॅश फार कमी झाल्यास पानाच्या बुडाशीं पट्टा पडून पान खचतें. चोथा शेतांत परत घालणें आणि चुना देणें हाच त्यावरचा उपाय.

तेव्हां कुंपणच हवें असेल, तर घायपात कोठेंहि लावावें. वाख हवा असेल, तर मात्र आधीं जमिनीचा निचरा पाहावा, पावसाचा हिशेब करावा आणि मातींतून जें घेतलें तें तिला परत द्यावें.