रिंगण परदेशी जाते तेव्हा

भाताची कापणी झाली की डहाणू-तलासरीकडच्या पाड्यांवर रात्री तारपा वाजू लागतो. तारपकरी मधोमध, आणि त्याच्याभोवती एकमेकांच्या कमरेत हात गुंफलेली माणसांची साखळी. तो वळेल तशी साखळी वळते. त्याने एक सुरावट धरली की रिंगण एका अंगाने फिरते, दुसरी धरली की उलट अंगाने. तारप्याकडे पाठ करायची नाही, असा तिथला रिवाज.

आज मला सांगायचे आहे ते ब्राझीलमधल्या एका तिघांच्या जाझ ताफ्याविषयी. पण सुरुवात या रिंगणापासून केली, कारण त्या देशाचे संगीतही रिंगणातूनच निघाले आहे. ते त्यांनी दूरदेशी कसे नेले, हे आपण पाहून ठेवावे असे आहे.

ब्राझीलच्या ईशान्येला बाहिया नावाचा प्रांत आहे. उसाच्या मळ्यांवर राबायला पोर्तुगीजांनी तिथे आफ्रिकेतून गुलाम आणले. त्यांच्या नाचगाण्याला 'सांबा दि रोदा' म्हणतात. 'रोदा' म्हणजे चाक, म्हणजेच आपले रिंगण. माणसे गोल उभी राहून टाळ्या वाजवतात, कुणी बशीवर सुरी घासून ताल धरतो (साधने किती साधी पाहा!), आणि एकेक जण मध्ये येऊन नाचून जातो. १८८८ साली तिथली गुलामगिरी कायद्याने संपली. बाहियातली कितीतरी माणसे पोटासाठी रिओ शहरात गेली, आणि त्यांच्याबरोबर रिंगणही गेले. शहरात त्याचा आजचा सांबा घडला. त्याचा ताल दोन मात्रांचा. पण गंमत अशी की जोर पहिल्या मात्रेवर नसतो. 'सुर्दू' नावाचा मोठा ढोल आपला वजनदार ठोका देतो तो दुसऱ्या मात्रेवर. आपला कान समेला टपलेला असतो, म्हणून प्रथम ऐकताना पायाखालची फळी हलल्यासारखे वाटते. थोड्या वेळाने तोच झोका हवासा होतो.

१९५८ च्या सुमारास जुआंव जिल्बेर्तो याने हा सगळा गलका एका गिटारवर आणला. अंगठ्याने सुर्दूचा ठोका, उरलेल्या बोटांनी लहान डफाचे तुटक बोल, आणि वर कुजबुजल्यासारखे गाणे. याला 'बोसा नोव्हा' म्हणू लागले. त्याच काळात रिओच्या कोपाकबाना भागातल्या एका बोळात लहान लहान गाणेघरे होती. रात्रीच्या आवाजाला त्रासलेले वरच्या मजल्यांवरचे शेजारी खाली बाटल्या फेकीत, म्हणून त्या बोळाचे नावच 'बाटल्यांचा बोळ' पडले. तिथे जागा ती किती! पियानो, बास आणि ड्रम, एवढेच कसेबसे मावायचे. अशा जागांत तिघांचे ताफे चांगलेच रुजले.

त्यांच्या पुढच्या पिढीतला ताफा म्हणजे 'आझिमुथ'. जोझे रोबेर्तो बेर्त्रामी पियानो आणि इतर पट्टीवाद्ये वाजवी, आलेक्स माल्येइरोस बास गिटार आणि इव्हान कोंती ड्रम. तिघेच, पण रिंगणातले एकही काम त्यांनी टाकून दिले नाही. सुर्दूचा ठोका बासने आणि पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमने वाटून घेतला. टाळ्यांची आणि खुळखुळ्याची अखंड चळवळ झांजांवर गेली. गाणाऱ्याची जागा पियानोने घेतली. या चालीला ते स्वतः 'सांबा दोइदो' म्हणत, म्हणजे वेडा सांबा. १९७७ साली हा ताफा स्वित्झर्लंडमध्ये मोंत्रेच्या जाझ महोत्सवात वाजला. पुढे १९८० साली त्यांचे 'जाझ कार्निव्हल' इंग्लंडमध्ये इतके खपले की तिथल्या नाचघरांतून पोरे त्यावर नाचू लागली. निघाले होते जाझ म्हणून, खुर्चीत बसून ऐकायचे. पण पाय काही गप्प बसले नाहीत.

आता तारप्याचे पाहा. जिव्या सोमा मशे यांची चित्रे डहाणू तालुक्यातल्या गंजाडहून निघून १९८९ साली पॅरिसला पोचली, २००३ साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फला. वारली चित्रातले ते नागमोडी रिंगण आणि मधला तारपकरी आज जगात कितीतरी लोक ओळखतात. पण ओळखतात ते डोळ्यांनी. आवाज त्यामानाने घरीच राहिला. शेजारच्या जव्हार तालुक्यातले वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा हे वाद्य कसे वाजते, असे शहरातल्या लोकांनी मला विचारले.

वाळलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या दोन बांबूच्या नळ्या, टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा, आणि सांधे बुजवायला मेण. श्वास तुटू द्यायचा नाही. गालात हवा साठवून नाकाने श्वास घेत राहायचे. प्रत्येक तारप्याची पट्टी वेगळी, जसा भोपळा तशी. आझिमुथच्या ड्रमवाल्याला परगावी ड्रम भाड्याने मिळतात. तारपकऱ्याला कोण देणार?

पण खरी अडचण मला दुसरीच वाटते. एका समारंभात मी पाहिले: तारपकऱ्याला व्यासपीठाच्या कडेला उभे केले होते आणि नाचणाऱ्यांना पाहुण्यांकडे तोंड करून एका ओळीत. वेळ सात मिनिटे. रांगेतली एक बाई पुन्हा पुन्हा मान वळवून तारप्याकडे बघे, आणि व्यवस्थेतले एक गृहस्थ तिला खुणेने समोर बघायला सांगत. ब्राझीलच्या त्या तिघांनीही पुष्कळ सोडले. पण काय सोडायचे आणि काय कुणाच्या हातात द्यायचे, हे वाजवणाऱ्यांनीच ठरवले. इथे ते पत्रिका छापणाऱ्यांनी ठरवले होते.

तारपा परदेशी जायचाच असेल तर तारपकरी, ढोलवाला आणि घुंगरांची काठी आपटत रिंगणाला वळण देणारा, असे तिघे आपल्याकडेही आहेतच. मधली जागा त्यांना द्यावी आणि खुर्च्या गोल मांडाव्यात. सामानात दोन जादा भोपळे आणि मेणाचा एक गोळा मात्र इथूनच न्यावा लागेल.